मिलिंदनं मला न विचारता घेतलेली गाडी

मिलिंद गेल्याची बातमी मला माझ्या मुलीकडून कळली, आणि तिला ती माझ्या आधी कळली, हे मला अजून पचलेलं नाही. सकाळी दुकान उघडून मी एका गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होतो. जुन्या मोटारसायकली घेणं आणि विकणं हा माझा धंदा, त्यामुळे हुज्जत ही रोजचीच. प्रज्ञाचा फोन आला, मी कापला. लगेच पुन्हा आला. "पप्पा, मिलिंद काका गेले. झोपेतच... सुनंदा काकूंचा फोन आला होता मला." माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथं लिहितो, कारण ते खरं आहे. मी विचारलं, "तुला का केला?" ती म्हणाली, "तुम्ही लवकर या." गिऱ्हाईक तसंच उभं होतं. मी त्याच्यासमोर शटर ओढलं आणि बजाजनगरची वाट धरली.

स्मशानात भंतेजी यायचे होते, तोवर माणसं घोळक्यानं उभी होती. त्यांच्यातला एकजण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाला, "ह्या वयात कुणी असली गाडी घेतं का? गाडीनंच नेलं त्याला." मी त्याची गचांडी धरली. मिलिंद गाडीवरून पडून मेला नव्हता, त्याचं हृदय बंद पडलं होतं, आणि गाडी बिचारी त्या वेळी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती. चार माणसांनी मला बाजूला केलं. सुनंदा वहिनी लांबून बघत होत्या. त्या गाडीला शिव्या द्यायच्या असतील तर तो हक्क या शहरात फक्त मला आहे, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि अजूनही वाटतं. मिलिंदला जाऊन आता काही आठवडे झाले. लोक विचारतात, मित्राची काही आठवण ठेवलीस का? नाही ठेवली. मला त्याच्या घरातली एकच वस्तू हवी आहे, ती गाडी, आणि ती मिळण्याची लक्षणं दिसत नाहीत.

आम्ही दोघं फुलंब्रीकडचे, एकाच गावचे. आयटीआय करून बरोबरच वाळूजला आलो. बजाजनगरात एक खोली, एक स्टोव्ह, आणि पाळीप्रमाणे झोपायला एक खाट, कारण त्याची दिवसपाळी असली की माझी रात्रपाळी असायची. दोघंही स्कूटरच्या लाइनवर होतो. तो हँडल बसवायचा, मी चाकं. त्याच्या हातून गेलेलं हँडल पुन्हा तपासायची गरज पडत नसे, असं सुपरवायझर सगळ्यांसमोर सांगायचा. माझ्या चाकांविषयी तो कधी काही बोलला नाही. पुढं एकदा त्याच सुपरवायझरशी माझं चहाच्या सुट्टीवरून वाजलं आणि मी कंपनीबाहेर आलो. मिलिंद आत राहिला. मी जुन्या स्कूटरी घ्यायचो, दुरुस्त करायचो, विकायचो. मला कुणी भांडवल दिलं नाही, कुणी जागा दिली नाही. माझ्याकडं तोंड होतं, त्याच्यावर मी दुकान उभं केलं. मिलिंद पाळी सुटली की यायचा, माझ्या स्कूटरींची हँडलं सरळ करून द्यायचा आणि गिऱ्हाईक आलं की उठून जायचा. भाव चाललेला त्याला बघवायचा नाही.

त्याला बघवायचा नाही, पण घ्यायची वेळ आली की मी लागायचो. त्याच्या घरातली एकही मोठी वस्तू माझ्याशिवाय आलेली नाही. फ्रीज, वहिनींची शिलाई मशीन, दिवाण, फरशी, मुलाच्या लग्नाचा हॉल. मी दुकानात शिरायचो आणि तो बाहेर फुटपाथवर उभा राहून समोरच्या दवाखान्याची पाटी वाचायचा. आतून माझा आवाज चढला की तो आणखी पलीकडं सरकायचा. मी घाम पुसत बाहेर येऊन म्हणायचो, "जा, पैसे दे, झालं." तो आत जाऊन पैसे द्यायचा आणि दुकानदाराला वर नमस्कार करायचा. मला वाटायचं, हा माणूस साधा आहे, याला जग कळत नाही, आपण आहोत म्हणून याचं चाललंय.

आणि हा साधा माणूस एका दुपारी माझ्या दुकानासमोर नव्या कोऱ्या गाडीवर येऊन थांबला. छोटी क्रूझर. बुटकी सीट, रुंद हँडल, थेंबासारखी टाकी, पाय पुढं टाकून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस, नोकरी संपलेली, केस पांढरे, आणि खाली ही. हातात पेढ्याचा बॉक्स.

"कुणाची उचलून आणली?" मी विचारलं.

"माझीच हाय."

"कितीला?"

"जेवढ्याला म्हणले तेवढ्याला."

"म्हणजे? घासाघीस?"

"नाय केली."

"येड्या! हेल्मेट तरी फुकट घेतलं का? ॲक्सेसरीज? विमा कुठून केला? मी काय मेलो होतो का रे?"

"रम्या, तू आला असता तर गाडी मिळाली असती," तो शांतपणे बॉक्स उघडत म्हणाला, "पण पेढा नसता मिळाला. तुझ्यासंगं गेलं की वस्तू येते, पण देणारा तोंड फिरवून देतो. मला एकदा हसत हसत घ्यायची होती. घे."

मी पेढा घेतला नाही. तो त्यानं गल्ल्यावर ठेवला आणि गेला. जाताना गाडी दोनदा बंद पडली.

मला खरा झटका संध्याकाळी बसला. मी घरी येऊन तावातावानं सांगायला लागलो तर बायको म्हणाली, "शिकला म्हणा की शेवटी." मी म्हणालो, "कोण शिकला? कुणाकडं?" तर कळलं की माझ्याच मुलीकडं. प्रज्ञा शेंद्र्याला कंपनीत इंजिनिअर आहे. मी तिला बिनगिअरची गाडी घेऊन देत होतो, तिनं पहिल्या काही पगारांतून स्वतःची मोटारसायकल घेतली, त्यावरून आमच्यात बरेच दिवस अबोला होता. मोटारसायकलींच्या दलालाची मुलगी, पण गाडीचा विषय निघाला की खोलीतून उठून जायची. आणि तीच मुलगी सुट्टीच्या सकाळी वाळूजच्या रिकाम्या रस्त्यांवर मिलिंद काकाला आपल्या गाडीवर बसवून क्लच शिकवत होती, गेले कित्येक रविवार. माझ्या घरात मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. जो माणूस दिवसभर लोकांना गाड्या चालवून दाखवतो त्याला त्याच्या मित्रानं विचारलं नाही, आणि ज्या मुलीनं बापाला कधी एक शब्द सांगितला नाही ती त्या मित्राच्या मागं बसून "काका, हळू, हळू... सोडा आता" म्हणत होती. मला दोघांचाही हेवा वाटला. कुणाचा जास्त, हे आजही सांगता यायचं नाही.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी काय झालं ते मी नंतर प्रज्ञाकडून वदवून घेतलं. शोरूमवाल्यांनी रिवाजाप्रमाणं नारळ आणला होता. मिलिंदनं तो न फोडता पिशवीत टाकला, घरी वहिनींनी त्याची चटणी केली. मग फोटो झाला. मग तो गाडीवर बसला, चावी लावली, आणि सुरू करायच्या आधी गाडी सावकाश एका अंगावर झुकवायला लागला... जुनी स्कूटर ज्यानं चालवलीय त्याला सांगायला नको. रात्रभर उभी राहिलेली स्कूटर सकाळी झुकवल्याशिवाय सुरू व्हायची नाही. टाकीतलं पेट्रोल तिकडं गेलं की मगच किक. आम्ही लाइनवरच्या पोरांनी ते इतक्या वेळा केलंय की झोपेतही अंग त्या बाजूला कलतं. पण क्रूझर म्हणजे स्कूटर नव्हे. ती एकदा कलली की मग माणसाचं ऐकत नाही. शोरूमच्या गालिच्यावर, हार घातलेली, नवी कोरी गाडी आणि मिलिंद दोघंही आडवे. सगळे धावले. मिलिंद खाली पडल्या पडल्या हसत होता. उठवायला आलेल्या शोरूमच्या पोरीला म्हणाला, "हिला बटण असतंय व्हय? मी पेट्रोल पाठवत होतो."

हे सांगताना प्रज्ञा इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी हसलो नाही. तो त्या शोरूममध्ये का झुकला हे कळणारा माणूस एकच होता, आणि तो तिथं नव्हता. तिथं असलेल्यांना ती एका म्हाताऱ्याची गंमत वाटली. माझ्या समोर पडला असता तर मी आधी शिव्या दिल्या असत्या आणि मग त्याच्या शेजारी बसून हसलो असतो. ते हसणं माझं होतं, ते दुसऱ्यांनी नेलं.

पुढं तो दुकानावरून जायला लागला. माझ्या दुकानापुढंच सिग्नल आहे. एकदा ऐन गर्दीत त्याची गाडी हिरव्या दिव्यावर बंद पडली. मी आतून बघत होतो. त्याचा डावा हात क्लच दाबून मनगट पुढं-मागं फिरवत होता, स्कूटरचा गिअर शोधत होता, आणि गिअर बिचारा खाली त्याच्या डाव्या बुटापाशी. मागं हॉर्नचा गोंधळ. एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढलं, "क्या चचा, यहींच बंगला बांधते क्या?" मी गल्ला सोडून धावलो, त्या रिक्षावाल्याच्या सात पिढ्या काढायच्या तयारीत. पण त्याआधीच मिलिंद मागं वळून हात वर करून म्हणाला, "सीखरा हूं बाबा. नया हूं. जरा रुको." बस्स. हॉर्न थांबले. रिक्षावाला उतरून आला, त्यानं मिलिंदच्या बुटाकडं बोट दाखवलं, "आराम से चचा, पैर से, पैर से. हां... अब हौले छोडो." गाडी निघाली, मागची माणसं हसली, एका पोरानं अंगठा दाखवला. मी रस्त्याच्या मधोमध तोंडात शिव्या घेऊन उभा. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी कुणाला 'मी शिकतोय' असं सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशी गिऱ्हाईक पळालं असतं. आणि हा माणूस भर चौकात ते बोलून गेला आणि त्याचं काही बिघडलं नाही.

मग त्याचे स्टेटस सुरू झाले. वहिनींना मागं बसवून तो दौलताबादच्या वेशीतून गेला, खुलताबादचा घाट चढला, म्हैसमाळला गेला. प्रत्येक फोटोत गाडी जरा तिरकी, वहिनींचा पदर हेल्मेटखालून खोचलेला, आणि कडेला प्रज्ञाची मोटारसायकल. मी स्टेटस बघितल्याचं त्याला कळू नये म्हणून मी ते बायकोच्या फोनवरून बघायचो. सोयगावला वहिनींचं माहेर आहे. तिथं गाडीवर जायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम फोन करून सांगितलं की एवढ्या लांब नवशिक्यानं जाऊ नये. तो म्हणाला, "व्हय, बरोबर हाय तुझं." आणि गेला. वाटेत ठिकठिकाणी थांबत, चहा पीत, दिवस मावळायच्या आत पोचला. माझ्या दुकानात पन्नास गाड्या रांगेनं उभ्या असतात. त्यातल्या एकीवरही मी विकायच्या कामाशिवाय कधी बसलेलो नाही. चक्कर मारायची ती इंजिन ऐकायला, ब्रेक बघायला. घाट चढायला म्हणून मी गाडी काढली, असं एकदाही झालेलं नाही, आणि हे मला त्याचे फोटो बघेपर्यंत जाणवलंही नव्हतं. मग मात्र फार जाणवलं.

शेवटचा तो दुकानात आला तेव्हा मी जरा नरम होतो. त्यानं ते ओळखलं. म्हणाला, "रम्या, येत्या रविवारी गावाकडं जाऊ. तू मागं बस."

"मी? मी मागं बसू? धंदा कुणाचा आहे गाड्यांचा?"

"बरं, तू चालव, मी बसतो मागं. पण एक अट हाय."

"काय?"

"गावच्या शाळेपर्यंत वरडायचं नाय. शाळा आली की वरड."

मी हो म्हणालो. रविवार यायच्या आत तो गेला. म्हणून मला ती गाडी हवी आहे. लोकांना वाटतं दलाल आहे, विकेल. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवणं चालली असताना वहिनींचा भाऊ पोर्चमध्ये जाऊन तिच्या सीटवर हात फिरवत होता, तर मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, "हात काढ." तो म्हणाला, "तुमची हाय का?" मिलिंदचा मुलगा पुण्याला असतो, त्यानं जाताना सांगितलं, "काका, गाडीचं आई ठरवेल." एवढे दिवस मी वहिनींच्या ठरवण्याची वाट बघितली. मग मला राहवेना.

गेल्या रविवारी संध्याकाळी बजाजनगरला गेलो. जाताना मनाशी एक गोष्ट ठरवली होती, जी मी धंद्यात कधी केली नाही. गेटपाशी पोचलो तर प्रज्ञाची मोटारसायकल आधीच लागलेली. आत पोर्चमध्ये गाडीचं कव्हर काढलेलं होतं, साइड स्टँडवर कललेल्या क्रूझरवर सुनंदा वहिनी बसल्या होत्या, हातात चहाचा कप. प्रज्ञा पायरीवर बसलेली.

"या भाऊजी, जय भीम," वहिनी तिथूनच म्हणाल्या. उतरल्या नाहीत.

"जय भीम. वहिनी, तुम्ही... गाडीवर?"

"हे असंच बसायचे. गाडी आल्यापासून संध्याकाळचा चहा यांनी घरात पिलाच नाय. चालवायची नाय, कुठं जायचं नाय, नुसतं बसायचं. मी म्हणायचे, लोक हसतेत. तर म्हणायचे, हसू दे, फुकट हाय." त्यांनी टाकीवर कप टेकवला. "आता मी बसते. प्रज्ञा शिकवणार हाय मला चालवायला."

माझं डोकं तडकलं. म्हणजे इथंही मी नाही. पण मी ठरवून आलो होतो, म्हणून आवाज खाली ठेवून बोललो, "वहिनी, ही गाडी मला द्या. नव्या गाडीची किंमत देतो, शोरूमची. एक रुपया कमी करत नाही."

प्रज्ञाला ठसका लागला. "पप्पा, तब्येत बरी आहे ना?"

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. हसत होत्या की रडणार होत्या, समजेना. म्हणाल्या, "भाऊजी, हे इथं बसून काय करायचे माहितीये का? तुमची नक्कल. शेजारचे गोळा व्हायचे बघायला. कप असा ठेवायचे, एक डोळा बारीक करायचे, आन् म्हणायचे..." त्यांनी खरोखर एक डोळा बारीक केला आणि घोगरा आवाज काढला, "'काय हाय हिच्यात? माणूस चालवायला बसतो का झोपायला? हिला घेणार कोण? कबाडात तरी घेतील का?'"

प्रज्ञा पायरीवर लोळायची बाकी राहिली. मी पेटलो. "मी असं बोलत नाही! साफ चुकीचं आहे. गाडीला नावं मी आधी ठेवतच नाही. आधी मालकाची तारीफ करायची असते, मग गाडीकडं यायचं. एवढी वर्षं दुकानात बसून हे शिकला तो?"

"मग दाखवा की," वहिनी म्हणाल्या.

मी चष्मा पुसला. दोन पावलं मागं सरून गाडीकडं न बघता वहिनींकडं बघितलं, जसं बघतात तसं. "ताई, गाडी लई जपलेली दिसतीय. मालक शिस्तीचा दिसतोय."

"होते," वहिनी म्हणाल्या.

मी खाकरलो आणि खाली बसून मागचं टायर अंगठ्यानं दाबलं. "टायर बरं हाय, पण कडेनं घासलंय. मालक एका अंगाला कलून बसत असणार."

"बसू द्या."

"हँडल जरासं डावीकडं वढतंय."

"त्यांनी स्वतः खोलून पुन्हा बसवलंय. वढत नाय."

"सीट दबलीय."

"दोघं बसायचो."

"बरं, बरं. दोघं बसायचात. तरी ताई, जुनी ती जुनीच. बोला, सोडायचं काय?"

वहिनींनी चहाचा घोट घेतला. गेटबाहेर दोन शेजारी येऊन थांबले होते, त्यांच्यातला एक हळूच दुसऱ्याला म्हणाला, "हाच तो." मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"बोला की ताई. गिऱ्हाईक समोर उभंय. एक आकडा बोला."

वहिनी आकडा बोलल्या नाहीत. पाय पुढं टाकून, रुंद हँडलवर एक हात ठेवून तशाच बसून राहिल्या. प्रज्ञानं आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला. तो मी उभ्यानंच प्यालो, कप पायरीवर ठेवला आणि पुन्हा मागच्या टायरपासून सुरुवात केली.